खिशांतील यंत्रास आज्ञा करण्याची विद्या

भंडारा शहराजवळील जवाहरनगर ही दारूगोळ्याच्या कारखान्याभोंवतीं वसलेली वसाहत आहे. स्फोटक द्रव्यांच्या कामांत एक पायरी मागेंपुढें झाली तर केवढा अनर्थ ओढवतो, हें तेथील कुटुंबांस सांगावयास नको. क्रमाचें हेंच महत्त्व मुलांस निर्धोकपणें शिकविणारें साधन आज घरोघरीं आहे. तें म्हणजे मोबाईल फोन. आणि त्यावर शिकण्याजोगी विद्या म्हणजे ‘बेसिक’ भाषेंत प्रोग्रॅम लिहिणें.

ही भाषा १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनीं रचिली. संगणक हा शास्त्रज्ञांचाच मक्ता न राहतां इतर विषयांच्या विद्यार्थ्यांसही वापरतां यावा, हा त्यांचा हेतु होता. भारतांत १९८४ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘क्लास’ योजनेंतून सुमारें २५० शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. त्यांत बेसिक भाषा मुळांतच बसविलेली होती. त्या यंत्राची स्मृति अवघी ३२ किलोबाईट. आजच्या ४ गिगाबाईट स्मृतीच्या फोनांत ती लाखपटींहून अधिक असते.

या दोहोंचें नातेंही जवळचें आहे. बीबीसी मायक्रोची बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनींच पुढें ‘आर्म’ प्रोसेसरचा आज्ञासंच रचिला आणि तो प्रथम बेसिक भाषेंतच पारखून पाहिला. १९८५ सालच्या त्या प्रोसेसरचेच वंशज आज बहुतेक सर्व फोनांत काम करीत आहेत.

रिचर्ड रसेल यांनीं सिद्ध केलेली बीबीसी बेसिक अँड्रॉइड फोनावर विनामूल्य मिळते. तींत एकोणिसाचा पाढा तीन ओळींत लिहितां येतो. पहिल्या ओळींत ‘फॉर’ या शब्दानें एकापासून दहापर्यंत मोजावयास सांगावयाचें. दुसरींत मोजलेल्या अंकाची एकोणीसपट ‘प्रिंट’ करावयास सांगावयाचें. आणि तिसरींत ‘नेक्स्ट’ म्हणून यंत्रास पुढच्या अंकाकडे वळवावयाचें. मुलानें ‘नेक्स्ट’ लिहिलें नाहीं, तर यंत्र केवळ १९ लिहून थांबतें. कांहींहि मोडत नाहीं, कोणी रागावत नाहीं. परंतु ‘असें कां झालें?’ हा प्रश्न मुलापुढें उभा राहतो, आणि उत्तर त्यासच शोधावें लागतें.

अडचणी आहेत. फोनाची कळफळी लहान आणि आज्ञा इंग्रजी. तरी आरंभीं दहावीस शब्द पुरतात. ज्या घरीं निराळा संगणक घेण्याची ऐपत नाहीं, तेथें तर हा लाभ विशेषच मोठा. आईबापांनीं दुधाचा मासिक हिशेब मुलाकडून या भाषेंत मांडून घ्यावा. फोनानें दाखविलेलें पाहत बसणारें मूल मग फोनास काय करावयाचें तें सांगूं लागेल.