रायफल निवडावी गोळीपासून

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातल्या बोराटी शिवारात टी-1 वाघीण, म्हणजेच अवनी, मारली गेली. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात दोन वर्षांत गेलेल्या 13 बळींचा ठपका तिच्यावर होता. तिच्या शोधासाठी कॅमेरे, ड्रोन, हत्ती, कुत्रे, इतकंच काय, अत्तरसुद्धा वापरून झालं होतं. शेवट झाला तो उघड्या जिपेतून, आठ-दहा मीटरवरून सुटलेल्या गोळीने. वाघीण खरंच अंगावर आली होती का, तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नियमाप्रमाणे झाला का, यावर चौकशीत गंभीर प्रश्न उपस्थित झाले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार टप्प्याटप्प्याने बंद झाली. रायफलीला जंगलाच्या कडेला दोनच कामं उरली: माणसाच्या जिवावर उठलेला प्राणी, आणि उभं पीक फस्त करणारं रानडुक्कर किंवा रोही. दोन्हींसाठी कलम 11 खाली लेखी परवानगी लागते. रात्रभर जागल करूनही सकाळी तूर आडवी झालेली पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा विषय हौसेचा वाटत नाही.

आता रायफल कोणती? बहुतेकांना हलकी हवी असते. चिखलातून, पऱ्हाटीच्या ओळींतून किलोमीटरभर चाललं की अर्धा किलोचा फरकही खांद्याला कळतो. पण सुरुवात वजनापासून केली की चूक होते. आधी प्राणी, मग गोळी, मग ती झेपेल अशी नळी, आणि वजनाचा विचार सर्वांत शेवटी.

वाघाच्या बाबतीत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने हा प्रश्न मोकळा ठेवलेला नाही. नरभक्षक ठरलेल्या वाघासाठी .375 मॅग्नमपेक्षा लहान बोअरची रायफल वापरू नये, असं त्यांची कार्यपद्धती सांगते. .375 हे काडतूस 1912 मध्ये हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश कंपनीने आणलं. त्याची साधारण 19 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 770 मीटर वेगाने सुटते. भारतीय ऑर्डनन्स कारखान्यात बनणाऱ्या .315 रायफलीच्या गोळीपेक्षा तिच्यात जवळपास दुप्पट ऊर्जा असते. रानडुकरासाठी मात्र .315 पुरेशी आहे.

.375 ची ताकद हलक्या रायफलीत भरली की धक्का थेट खांद्यावर येतो. त्या धास्तीने माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नेम हुकतो. बारीक नळीने वजन घटतं, पण ती लवकर तापते आणि लागोपाठच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत. शेतात पहिलीच गोळी महत्त्वाची असल्याने हे चालून जातं. सरावाच्या मैदानावर मात्र दोन गोळ्यांमध्ये नळी गार होऊ द्यावी लागते. नळी आखूड केली तर झुडपात वळवायला सोपी जाते. बदल्यात थोडा वेग जातो आणि आवाज कानठळ्या बसवतो.

गोळीची रचनाही पाहायला हवी. मऊ टोकाची गोळी शरीरात फुलते आणि रुंद जखम करते. रानडुकराच्या खांद्यावर मात्र जाड, चिवट कातडीची ढाल असते. पातळ आवरणाची गोळी तिथेच फुटली तर जखमी जनावर रायमुनियाच्या जाळीत शिरतं आणि मागे येणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणून जाड तांब्याच्या आवरणात शिसं घट्ट बसवलेली, वजनदार गोळी बरी.

दुर्बिणीच्या बाबतीत दुकानदार मोठे आकडे दाखवतात. विदर्भाच्या या झाडोऱ्यात मात्र अंतर बहुधा शंभर मीटरच्या आतच असतं. तिथे एक ते चार पट मोठं दाखवणारी, रुंद दृश्याची, संधिप्रकाशात स्वच्छ दिसणारी दुर्बीण हवी. दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसते, त्यामुळे शंभर मीटरला नेम जुळवलेली रायफल दहा मीटरवर तीन-चार सेंटिमीटर खाली मारते. हे मैदानावर कागदावर तपासून घ्यावं.

बेशुद्धीच्या बंदुकीचं गणित आणखी नाजूक आहे. तिची सिरिंज जड आणि संथ असते. अंतरानुसार वायूचा दाब ठरवावा लागतो: दाब जास्त झाला तर हाड मोडू शकतं, कमी झाला तर सुई नीट रुतत नाही. औषध चढायलाही काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात जनावर दूर जातं. म्हणूनच हे काम दिवसाउजेडी करायचं असतं. बोराटीत ते रात्री चाललं होतं.