ध्रुव आणि चल : स्थिर षड्जासाठी घरी बांधलेला टर्नटेबल

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्याचं कुरुंदा हे गाव महाराष्ट्राला एका आडनावामुळे ठाऊक आहे. नरहर कुरुंदकरांचं घराणं मूळचं इथलं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर मनापासून विचार केला. त्याच नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात एक प्रयोग सांगितला आहे. दोन अगदी सारख्या वीणा घ्यायच्या आणि सारख्याच स्वरात लावायच्या. मग एकीला हात लावायचा नाही, दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायचा, बाकीचे स्वर त्याला धरून लावायचे आणि पुन्हा पहिलीशी ताडून पाहायचं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त याच धर्तीची पद्धत मांडली. न हलणारी ती ध्रुववीणा, बदलत जाणारी ती चलवीणा. देवगिरी म्हणजे आजचं दौलताबाद, आपल्याच मराठवाड्यातलं.

स्वतःच्या हाताने उत्तम टर्नटेबल बांधू पाहणाऱ्याला यापेक्षा चांगली पद्धत सापडणार नाही. बाजारातला एक बरा टर्नटेबल जसाच्या तसा ठेवावा, तो ध्रुव. शेजारी आपण बांधलेला, तो चल. त्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीच तबकडी दोन्हींवर ऐकावी. बेल्ट, तेल आणि कार्ट्रिज एकाच संध्याकाळी बदलले, तर आवाज सुधारला तरी कशाने सुधारला हे कधीच कळत नाही. या छंदातला बहुतेक पैसा अशा घाईतच वाया जातो.

आणि ऐकायचं काय? माझं म्हणणं ठाम आहे : तंबोरा. परदेशी मासिकांतल्या परीक्षणांत झांजेची किणकिण आणि ढोलाचा दणका यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. आपल्या रागसंगीतात मात्र पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एक षड्ज मागे उभा असतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. या १.८ सेकंदांत गती जराशी वरखाली झाली तरी बोलक्या गाण्यात ती खपून जाते. विलंबित ख्यालात गायक थांबतो, फक्त तंबोरा उरतो आणि तिथे ती डुलताना स्पष्ट ऐकू येते. ज्या यंत्रावर तंबोरा स्थिर उभा राहतो त्यावर बाकीचं सगळं चांगलंच वाजतं, असा माझा अनुभव आहे.

काम सुरू होतं बेअरिंगपासून. कुरुंदा-वसमत हा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शिजवून वाळवलेली हळद फिरत्या ड्रममध्ये पॉलिश होते, तेव्हा शाफ्ट, बुश, पुली, पट्टा हे शब्द इथल्या लेथवाल्याला शिकवावे लागत नाहीत. त्याला पटवून द्यावी लागते ती बारकाई. ड्रमचा शाफ्ट बुशमध्ये थोडा खुळखुळला तरी हळद पिवळीच निघते. टर्नटेबलच्या शाफ्टला मिलिमीटरच्या शंभराव्या भागात एक-दोन एवढीच मोकळीक लागते. कठीण केलेला, घासून गुळगुळीत केलेला पोलादी शाफ्ट, रीमर मारलेला गनमेटलचा बुश, तळाशी एक छर्रा आणि पातळ तेल, एवढाच हा मामला. प्लॅटर ॲल्युमिनियमचा ओतून घ्यावा आणि त्याचं मधलं भोक, वरचं पृष्ठ आणि कड लेथवर एकाच बांधणीत काढून घ्यावीत. काम चकमधून काढून पुन्हा लावलं की केंद्र हललंच. मग डायल गेज लावून पाहावं. ‘आऊट’ किती जातो हे काटा सांगतो, तिथे वाद उरत नाही.

प्लॅटर जड आणि मोठा असल्यामुळे सगळं लक्ष त्याच्याकडे जातं, पण खरा गुन्हेगार बहुधा पुली असते. चोवीस ध्रुवांची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला चारच्या किंचित वर. गतीतल्या थरथरीला माणसाचा कान सर्वांत संवेदनशील असतो तोही सेकंदाला चार वेळांच्या आसपासच. ४० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचं केंद्र ०.०५ मिलिमीटर सरकलेलं असेल, तर बेल्टची गती पाव टक्का वरखाली होते, तीही नेमक्या त्या नाजूक जागी. तेवढीच चूक ३०० मिलिमीटरच्या प्लॅटरवर झाली तर ०.०३ टक्क्यांवर भागतं. बेल्टची लवचिकता आणि प्लॅटरचं वजन पुलीची चूक काहीशी गिळतात, सगळी नाही. म्हणून लेथवाल्याकडे हट्ट धरायचाच असेल तर तो पुलीसाठी धरावा.

त्याच पुलीचं गणितही शिकण्यासारखं आहे. २५० वरून ३३⅓ वर यायचं म्हणजे साडेसातास एक हे प्रमाण. प्लॅटर ३०० मिलिमीटर, म्हणून पुली ४०. कागदावर हे चोख दिसतं, पण यंत्र वेगात पळतं. बेल्टला जाडी असते आणि तो आपल्या जाडीच्या मध्यावरून ओढतो. एक मिलिमीटर जाडीच्या बेल्टने प्लॅटर ३०१ आणि पुली ४१ झाल्यासारखी वागते आणि गती होते ३४.०५, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक जास्त. स्वराच्या भाषेत हे सुमारे ३७ सेंट; अर्धस्वर शंभर सेंटचा असतो. भरताच्या प्रयोगात पंचम जेवढा उतरवायचा ती प्रमाणश्रुती आजचे अभ्यासक ८१/८० या गुणोत्तराची मानतात, ती २१.५ सेंट. एका मिलिमीटर रबराने गायकाला प्रमाणश्रुतीहून जास्त वर चढवलं. उपाय साधा आहे : पुली ३९.१३ मिलिमीटरची करावी. किंवा बेल्टऐवजी रेशमी दोरा वापरावा, पण मग पुलीचं गणित नव्याने मांडावं.

गती तपासायला स्ट्रोबची चकती कागदावर काढता येते. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो. त्या प्रकाशात ३३⅓ ला १८० रेघा स्थिर दिसतात, ७८ ला ७७. पण यात एक फसगत आहे. मोटरही त्याच विजेवर, दिवाही त्याच विजेवर. विजेची वारंवारता घसरली तर दोघेही एकत्र घसरतात आणि रेघा मात्र उभ्याच्या उभ्या. आज ग्रीडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे फरक किरकोळ. नव्वदच्या दशकात ती ४९ च्याही खाली जात असे, तेव्हा घरोघरच्या सिंक्रोनस यंत्रांवर सगळे गायक दोन टक्के खाली गात होते आणि स्ट्रोब ‘ठीक’ म्हणत होता. त्यामुळे दिवा क्वार्ट्झ घड्याळावर चालणारा हवा, आणि जमलं तर मोटरची वीजही क्वार्ट्झवरूनच तयार करावी : छोटा ऑसिलेटर, त्यापुढे ॲम्प्लिफायर, त्यापुढे ट्रान्सफॉर्मर. गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं; सिंक्रोनस मोटर त्याने सहसा मंदावत नाही, पण पंप बंद होऊन व्होल्टेज चढलं की ती गुरगुरते आणि ती गुरगुर प्लॅटरपर्यंत पोहोचते. साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींवर तर फारच.

गुरगुर अडवण्याचे दोन पंथ आहेत. अमेरिकेच्या एडगर व्हिल्चरने १९६१ च्या ‘एआर’ टर्नटेबलमध्ये प्लॅटर आणि टोनआर्म एकाच हलक्या चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर टांगली. मोटर वेगळी, मध्ये फक्त बेल्ट. तबकडी वाजत असताना पेटीवर हातोडी मारून दाखवली तरी सुई ढळत नसे. दुसरा पंथ वजनाचा. इंग्लंडच्या ‘गॅरार्ड ३०१’सारखी रबरी चाकावर चालणारी जुनी यंत्रं शौकीन आजही दगडात बसवतात. आपल्याकडे त्यासाठी स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा आहे. दोन इंच जाडीच्या तुकड्यात हिरकणीच्या ब्लेडने भोकं पाडून देणारा फरशीवाला कोणत्याही तालुक्याला मिळतो. मी कडप्प्याच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर : दगडाखाली बर्च प्लायचा थर आणि दोन्हींच्या मध्ये रबर हवं. नुसता दगड टिचकी मारली की वाजतो, आणि जे टिचकीला वाजतं ते तंबोऱ्यालाही वाजतं.

टोनआर्म हा या कामातला सर्वांत प्रयोगशील भाग, आणि इथे बांबू खरोखर चालतो : हलका, आतून पोकळ, स्वतःहून फारसा न झणझणणारा. टोकदार पोलादी अणी एका खोलगट वाटीवर टेकवली की एका बिंदूवर तोललेला आर्म तयार. वजनाचा हिशेब मात्र चुकवता येत नाही. आर्म आणि कार्ट्रिजचं प्रभावी वजन ग्रॅममध्ये आणि स्टायलसची, म्हणजे सुईची, लवचिकता तिच्या नेहमीच्या एककात घेऊन दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागावं. मिळतो तो नैसर्गिक कंप. आर्म १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६, लवचिकता १५ असेल तर उत्तर ९.७ हर्ट्झ. हे उत्तम. वाकड्या तबकडीचे हेलकावे याच्या खाली राहतात, संगीत २० च्या वर सुरू होतं. २५ ग्रॅमचा दिमाखदार सागवानी आर्म केला तर तेच उत्तर ७.४ वर येतं आणि तबकडीच्या प्रत्येक वळशाला लाउडस्पीकरचा शंकू उगाच डोलू लागतो.

आर्मच्या कोनाचं कोडं इंग्लंडच्या पर्सी विल्सनने १९२४ मध्ये मांडलं आणि स्वीडनच्या लोफग्रेनने १९३८ मध्ये सोडवलं. तबकडी कोरणारी सुई सरळ रेषेत सरकते, वाजवणारी कंसात फिरते. दोघींचा मेळ जास्तीत जास्त दोनच जागी बसतो. आजच्या रूढ मापांनी त्या जागा केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. २२९ मिलिमीटरच्या आर्मला त्यासाठी २४.१ अंशांचा बाक लागतो आणि सुई मधल्या खिळ्याच्या १८.१ मिलिमीटर पुढे जावी लागते. हा आराखडा कार्डबोर्डवर काढावा आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडावं. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारं पाजळणं सोडून तंबोरे घडवले, तेव्हापासून तिथला कारागीर जवारी काढताना घोडीवर कानस एकदा फिरवतो आणि ऐकतो, पुन्हा फिरवतो, पुन्हा ऐकतो. आर्म बसवणाऱ्याने तोच स्वभाव अंगी आणावा.

या साऱ्या प्रकाराचं सर्वांत धाडसी उदाहरण आपल्याकडच्या गायिकेशी जोडलेलं आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली. त्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली, टर्नटेबल ठेवला नाही. तो मिळवणाऱ्याने स्वतः बांधायचा आहे. वेष्टनावर फक्त आकृत्या कोरल्या आहेत : सुई कुठे टेकवायची आणि एका फेरीला किती वेळ लागायला हवा. तो वेळ ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. सेकंद हे माप परक्याला कसं कळणार, म्हणून तो हायड्रोजनच्या अणूच्या एका मूलभूत कालखंडात लिहिला, साधारण ०.७ अब्जांश सेकंदाच्या पटीत. गती चुकली तर भैरवी चुकेल हे त्या वैज्ञानिकांना नीट ठाऊक होतं. केसरबाईंचं निधन त्याच वर्षी सप्टेंबरात झालं, दोन्ही यानं उडाल्यानंतर काही दिवसांनी.

जुन्या लाखेच्या तबकड्यांवर मात्र वेळ कोणीच कोरून ठेवलेला नाही. त्यांना आपण सरसकट ‘७८’ म्हणतो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुद्रणं नेमकी ७८ वर झालेली असतीलच असं नाही. काही बरीच हळू, काही जास्त वेगात कोरली गेली. त्यासाठी घरच्या टर्नटेबलला गती बदलायची सोय हवी, आणि ती बाजारातल्या बहुतेक नव्या यंत्रांत मिळत नाही. क्वार्ट्झवरून तयार केलेल्या मोटरच्या विजेची वारंवारता बटणाने वरखाली करता आली की काम झालं. मग त्या गायकाची पट्टी माहीत असेल तर सुरपेटीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या षड्जाशी जुळेपर्यंत गती फिरवायची. अब्दुल करीम खाँसाहेबांचं १९०५ चं मुद्रण आणि तीस वर्षांनंतरचं मुद्रण एकाच ठरीव गतीवर वाजवून त्यांच्या आवाजाची तुलना करणं म्हणजे दोन्हींवर अन्याय आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची मोजणी केली, तेव्हा खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगाला होता. अशा गळ्याच्या बाबतीत अर्धा टक्काही सोडून देऊ नये.

सुईही वेगळी लागते. एलपीच्या खाचेला सुमारे १८ ते २५ मायक्रॉनच्या त्रिज्येची, लाखेच्या तबकडीला सुमारे ७५ची. एलपीची सुई ७८ वर लावली की ती खाचेच्या तळाशी धुळीत रुतते आणि ऐकू येते ती फक्त खरखर. तबकडीचं भोक मध्यावर नसणं हा आणखी एक जुना दोष : अर्धा मिलिमीटर सरकलेलं भोक केंद्रापासून शंभर मिलिमीटरवर स्वराला साडेआठ सेंट वरखाली झुलवतं, आतल्या कडेला त्याहून जास्त. जपानच्या नाकामिचीने ऐंशीच्या दशकात तबकडी आपोआप मध्यावर सरकवणारं यंत्र काढलं होतं. घरी मधला खिळा बारीक करावा आणि आर्म डावी-उजवीकडे डोलायचा थांबेपर्यंत तबकडी बोटाने हलकेच सरकवावी. हे दहा मिनिटांचं काम आहे.

मराठवाड्यातल्या वाड्यांच्या माळवदाखाली, लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्यांच्या पेट्यांत अशा तबकड्या अजून आहेत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था त्यांची नोंद आणि जपणूक करते आहे, डॉ. सुरेश चांदवणकरांनी तिचं काम अनेक वर्षं वाहिलं. आपल्या टर्नटेबलवरून डिजिटल प्रत काढणाऱ्याने तिच्यासोबत लेबलवरचा क्रमांक, मधल्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, लावलेली गती, जुळवलेली पट्टी आणि सुईचं माप लिहून ठेवावं. आणि ती प्रत इक्वलायझरने ‘गोड’ करण्याआधी जशी निघाली तशी एक वेगळी ठेवावी, कारण १९५४ मध्ये एलपीसाठी ठरलेली आरआयएए वक्ररेषा या तबकड्यांना लागू नाही आणि योग्य वक्ररेषा कोणती हे पुढचा ऐकणारा कदाचित आपल्यापेक्षा चांगलं ठरवेल.