अटलांटिकपार विमानप्रवास : अंतर आणि काल यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे अंतर वेगाने भागले की प्रवासाचा काल मिळतो, अशी विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र पश्चिमेकडे जाण्यास सुमारे ८ तास व पूर्वेकडे परतण्यास सुमारे ७ तास दर्शविलेले असतात. अंतर एकच असताना काल भिन्न का, याचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखात केले आहे.

अंतराचे स्वरूप :
पृथ्वी गोलाकार असल्याने दोन स्थानांमधील लघुतम मार्ग बृहद्‌वृत्ताचा कंस असतो. या दोन विमानतळांमधील कंसाची लांबी सुमारे ५,५४० कि.मी. आहे. लंडन ५१.५° व न्यूयॉर्क ४०.६° उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे न्यूयॉर्क दक्षिणेस असूनही हा मार्ग प्रथम पश्चिमेपासून सुमारे १८° उत्तरेकडे वळतो, महासागरावर ५३° उत्तर अक्षांशापलीकडे जातो आणि पुढे न्यूफाउंडलंडवरून दक्षिणेकडे उतरतो. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर हाच लघुतम मार्ग वक्र, म्हणून लांबचा भासतो.

वाऱ्याचा परिणाम :
साधारणतः ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो अधिक प्रबळ असतो. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. जमिनीच्या सापेक्ष वेगात वाऱ्याची भर पडते किंवा घट होते. हवेच्या सापेक्ष वेग ताशी ९०० कि.मी. व वारा ताशी १०० कि.मी. मानल्यास पूर्वेकडे ५ तास ३२ मिनिटे, तर पश्चिमेकडे ६ तास ५६ मिनिटे लागतील. (उड्डाण, अवतरण व धावपट्टीपर्यंतची वाटचाल यांचा काल येथे धरलेला नाही.)

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो, हा समजही येथे चुकीचा ठरतो. दोन्ही प्रवासांची बेरीज १२ तास २८ मिनिटे होते. वारा नसता तर ती १२ तास १९ मिनिटे झाली असती. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, हे त्याचे कारण. म्हणून सरासरी वेग अंकगणिती मध्याने ९०० नव्हे, तर हरात्मक मध्याने सुमारे ८८९ येतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये अतिप्रबळ जेट प्रवाहामुळे ब्रिटिश एअरवेजच्या बोईंग ७४७ विमानाने न्यूयॉर्क-लंडन प्रवास ४ तास ५६ मिनिटांत केला. त्याचा जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० कि.मी.हून अधिक झाला होता. तरीही हवेच्या सापेक्ष ते ध्वनीपेक्षा वेगवान नव्हते. याच कारणास्तव उत्तर अटलांटिकवरील हवाई मार्ग दररोज वाऱ्यानुसार नव्याने आखले जातात. लांबीने अधिक असलेला मार्ग कालाने कमी ठरू शकतो.

घड्याळाचा भ्रम :
लंडनची वेळ सामान्यतः न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असते. त्यामुळे पूर्वेकडील ७ तासांचा प्रवास स्थानिक घड्याळांवर १२ तासांचा, तर पश्चिमेकडील ८ तासांचा प्रवास केवळ ३ तासांचा दिसतो. हा फरक रेखांशाशी निगडित आहे, वाऱ्याशी नव्हे.

निष्कर्ष :
अंतर ही भूमितीने निश्चित होणारी राशी आहे. काल मात्र दिशा, ऋतू व त्या दिवसाचा वारा यांवर अवलंबून असतो. अध्यापनात या दोन राशी स्वतंत्रपणे मांडून नंतरच त्यांचा संबंध जोडणे इष्ट होय. अन्यथा विद्यार्थ्याचा भागाकार अचूक येईल, परंतु त्याचे उत्तर चुकीचे राहील.