हौसेची जुनी गाडी घेताना…

शेतकरी बंधूंनो, या पानावर मी आजवर हुमणी, ठिबक, माती परीक्षण असंच लिहीत आलो. आजचा विषय जरा वेगळा आहे. कारण असं की गेल्या हंगामात माझ्या सजेतल्या तीन गावांत मिळून पाच पोरांनी जुन्या गाड्या आणल्या. शेतीला नव्हे, प्रवासालाही नव्हे. निव्वळ हौस. जुनी जीप किंवा मारुती घ्यायची, गोठ्याशेजारी उभी करायची, सवडीनं खोलायची, रंगवायची, नवीन चाकं चढवायची. उसाचं बिल जमा झालं की हा विषय पारावर निघतोच. मग कुणीतरी म्हणतं, "साहेबांना विचारा, त्यांनी दोन घेतल्यात."

घेतल्यात खऱ्या. पण पहिलीनं मला बुडवलं. म्हणून तिची गोष्ट आधी सांगतो.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या तात्यांनी बैलजोडी विकली होती. नांगरट ट्रॅक्टरनं होत होती आणि तात्यांचे गुडघे थकले होते. त्या पैशातले ७० हजार त्यांनी माझ्या हातात दिले, "तुझ्या कामाला लाव" म्हणून. कृषी विद्यालयात असताना डिझेल पंपाचं इंजिन खोलून परत जोडलं होतं, तेव्हापासून मला यंत्राचा नाद. बाजारात एक उघडी जीप दिसली. नवा हिरवा रंग, रुंद टायर, पुढे जाडजूड बंपर. विकणारा म्हणाला, लिलावातली आहे, कागद आहेत. मी इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे मोजून दिले. बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. गाडी घेताना मात्र मी नुसता रंग बघितला.

नाव बदलण्यासाठी जीप तपासणीला नेली, तेव्हा निरीक्षकांनी चासीवरच्या नंबरावर पेन्सिल घासून कागदावर छाप घेतला. दोन आकडे शेजारच्या आकड्यांपेक्षा खोल उमटले होते. घासून पुन्हा ठोकलेले. कागद एका जीपचे आणि सांगाडा दुसऱ्याच जीपचा. विकणाऱ्याचा फोन लागेना. ती जीप आजही ठाण्याच्या आवारात बाभळीखाली उभी आहे. तात्या एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आधी कागद, मग गाडी

तेव्हा पहिलं काम हे की विकणाऱ्याच्या घरी जाताना पेन्सिल आणि पातळ कागद खिशात ठेवा. चासी नंबर घासून छाप घ्या, आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून बघा. जीपचा नंबर सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवर असतो, मारुतीचा बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर. इंजिन नंबरही बघा. नंबराच्या आजूबाजूला वेल्डिंग, ताजा रंग किंवा ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील तर चहा पिऊन परत या. परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीत गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, कर्ज आहे का, हे मोबाईलवरच दिसतं. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा काढून घेतलेला नसतो, असं पुष्कळदा होतं. त्यासाठी फॉर्म ३५ लागतो. सातबाऱ्यावरचा बोजा तसाच हाही बोजा. तो उतरल्याशिवाय व्यवहार करू नये.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला. "सही करून देतो, नाव सवडीनं बदला" म्हणणारे फार भेटतात. तसं करू नका, आणि तुम्ही विकणारे असाल तर त्याहून करू नका. गाडी दुसऱ्यानं कुठे ठोकली तर नोटीस कागदावरच्या मालकाच्या दारात येते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० केली गेली. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही लावलेली आहे का बघा. त्यामुळे २५ हजारात मिळाली म्हणून हुरळलेल्या गाडीला दारात उभी राहण्याआधीच निम्मी किंमत पुन्हा मोजावी लागते.

दिल्लीच्या स्वस्त गाडीचाही मोह होतो. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१८ साली न्यायालयानं बंदी घातल्यापासून त्या कमी भावात बाहेर येऊ लागल्या. पण परराज्यातली गाडी इथे नोंदवायची तर आपल्या राज्याचा कर भरावा लागतो. तो हिशेब करून बघा, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथंच संपते.

कोणती घ्यावी?

पोरांना जीपच हवी असते. मला कळतं ते. महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपचं इंजिन बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, त्यामुळे गावच्या फिटरला ते पाठ असतं. पण खऱ्या कागदाची जीप आता स्वस्त राहिलेली नाही, आणि जी स्वस्त मिळते तिचं माझ्यासारखं होतं. जिप्सीचंही तेच. हौशी लोकांनी तिचे भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवलेत.

पहिल्यांदाच घेणाऱ्यानं मारुती ८०० घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हसू नका. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत होती. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. हलकं इतकं की चेनपुली आणि दोन माणसं असली की बाहेर काढता येतं. सामान तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि न शिकलेला मिस्त्री शोधूनही सापडत नाही.

त्यातही आपल्या ग्रामीण भागातल्या माणसाला एक फायदा आहे. एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हा मुंबई, पुणे, सोलापूर धरून देशातल्या १३ शहरांत ८०० ची विक्री बंद झाली. बाकी ठिकाणी ती पुढे तीन-साडेतीन वर्षं विकली गेली. म्हणजे शेवटच्या सालातल्या, २०११ ते २०१३ च्या गाड्या या आपल्यासारख्या जिल्ह्यांतच जास्त. त्यांच्या नोंदणीची मुदत २०२६ ते २०२८ पर्यंत जाते. चार-पाच हजार जास्त देऊन अशी गाडी मिळाली तर घ्यावी. हे मला उशिरा कळलं. मी घेतलेली २००३ ची आहे.

खत वाहिलेली गाडी

आता पत्र्याकडे येऊ. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण पत्रा सडला की गाडी गेली. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवर, चाकांवरच्या कमानींवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं पुट्टी भरलेली आहे. आतलं रबरी मॅट उचला. विकणारा "राहू द्या" म्हणाला तर नक्की उचला. बॅटरीच्या खालची जागा बघा. कोकण किनाऱ्यावर वाढलेली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या.

आणि हे कुणी सांगत नाही, ते कृषी खात्याचा माणूस म्हणून सांगतो. गावातल्या गाडीत मागे काय वाहिलं ते विचारा. दुधाचे कॅन, मिठाची पोती, आणि मुख्य म्हणजे खत. युरिया हवेतलं पाणी ओढतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पोतं उघडं राहिलं की ढेकूळ होतं. पोटॅश, म्हणजे आपलं म्युरेट ऑफ पोटॅश, हे तर क्लोराईडच. फाटक्या पोत्यातून ओंजळभर सांडलं, मॅटखाली गेलं, की पावसाळाभर तिथं ओल धरून बसतं आणि पत्रा खातं. माझ्या मारुतीची डिकी रिकामी करून मॅट काढलं तर खालची जमीन दिसली. पांढरे खडे अजून कोपऱ्यात होते. शेतकऱ्याला खताचं शहाणपण सांगत फिरणारा मी, आणि माझ्याच गाडीला खतानं भोक पाडलेलं.

इंजिन थंड असताना जा. आधी बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर तुमच्यासाठी ते आधीच चालू करून ठेवलेलं आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी सिलिंडरात जातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ऑईलचं झाकण उघडा, आत साईसारखं पिवळट दिसलं तर हेड गॅस्केटचं काम आहे. मोकळ्या रानात नेऊन स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि गोल फिरवा, पुढच्या चाकातून कटकट आवाज आला तर एक्सलचे जॉइंट गेलेत. हे सगळं भाव कमी करायला उपयोगी पडतं. गाडी सोडावी ती पत्र्यासाठी आणि कागदासाठी.

जमलं तर पावसाळ्यात गाडी बघा. गळती आपोआप दिसते आणि गिऱ्हाईकही कमी असतं.

फेरबदल किती करावेत?

इथं पोरांचा माझ्यावर राग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. छत कापणं, दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं, सांगाडा लांबवणं हे आलंच त्यात. इंजिन बदलायचं, गॅस किट बसवायचं, रंग बदलायचा तर आधी परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद. विजेवर चालवायची हौस असेल तर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेनं मंजूर केलेलंच किट लागतं. विमा कंपनीही अपघातानंतर पहिल्यांदा हेच बघते.

रुंद टायरचं वेड तर फारच. चाकाचा घेर दहा टक्के वाढला की मीटर ५० दाखवतं तेव्हा गाडी ५५ नं पळत असते. ब्रेक मात्र जुन्या चाकाच्या मापाचेच. स्टिअरिंग जड होतं, बेअरिंग लवकर जातात. वरून मागे चार पोरं उभी. आमच्या भागात घाट आहे, म्हणून बोलतोय.

मग हौस कशात करायची? गाडी कारखान्यातून आली होती तशी परत करण्यात. ही हौस सोपी वाटते, पण करून बघा. मूळचा रंग शोधणं, मूळचे दिवे, जुन्या भंगारातून दाराची कडी मिळवणं, सीटचं कापड शिवून घेणं, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं ते नव्यानं ओढणं. दोन हिवाळे कुठे जातात कळत नाही. सुट्या भागांसाठी दुसरी गाडी घेणार असाल तर तिची नोंदणी आधी रद्द झाली आहे का बघा. नाहीतर तुकडे तुमच्या अंगणात आणि कागद तिसऱ्याच्या हातात. ५० वर्षांवरच्या अस्सल गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. पण सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचं लागतं, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही.

माझा खर्च विचारतात म्हणून सांगतो. मारुती ३२ हजाराला घेतली, २०२३ साली. पत्राकाम ९,५००, चार टायर १०,४००, बॅटरी ३,६००, क्लच आणि ब्रेक ६,३००. म्हणजे दुरुस्तीलाच २९,८०० गेले, जवळजवळ खरेदीइतके. नाव बदलणं आणि विमा धरून आणखी सहा हजार. तेव्हा तुमच्याकडे ६० हजार असतील तर गाडी २५ च्या आतलीच बघा. आणि ते ६० हजार पीककर्जातले नसावेत, सोसायटीचा हप्ता भरून उरलेले असावेत. ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनाही विनंती, पोरं रहिवासाच्या कागदासाठी आली की एवढं एक विचारत जा, चासीचा छाप घेतला का म्हणून.

या वेळी गाडी बघायला तात्यांना बरोबर नेलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून चाकाला हात लावला आणि त्या माणसाला विचारलं, "किती हातांतून गेली ही?" तीन, तो म्हणाला. पुस्तकातही तीनच निघाले.

गाडी आता चालते. रविवारी आम्ही दोघं मळ्यापर्यंत जातो. मागच्या डाव्या दाराचं रबर अजून मिळालेलं नाही. पाऊस आला की तात्या तिथं पोतं लावतात. युरियाचं नव्हे, गव्हाचं.