डिझाइनचा अभ्यास बारावीनंतरच का?

पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या पट्ट्यात भातलावणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर पूर्वी इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पानं आणि डोक्यापासून कमरेखाली येणारा खोलगट आकार. छत्रीत एक हात अडकतो, रेनकोटात घामाने जीव नकोसा होतो. इरल्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठीशी वारंही खेळतं. ताठ उभं राहिलं की मात्र ते अडचणीचं, कारण ते बेतलेलंच असतं वाकलेल्या पाठीसाठी. आता शेतात बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची खोळ दिसते. ती स्वस्त, हलकी आणि घडी करून पिशवीत मावणारी. मग इरलं का मागे पडलं आणि प्लास्टिक कशात कमी पडतं? हा प्रश्न प्रॉडक्ट डिझाइनचा आहे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तो सहज झेपतो.

ब्रिटनमध्ये या वयाची मुलं बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हलला प्रॉडक्ट डिझाइन घेऊ शकतात. आयबी, म्हणजे १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या मंडळाच्या पदविकेत 'डिझाइन टेक्नॉलॉजी' हा विषय आहे आणि तो भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या गटात बसतो, चित्रकलेच्या नाही. आयबीची दोन वर्षांची पदविका मुळशीकरांना अगदीच अनोळखी नाही. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथे देशोदेशींची मुलं हीच पदविका करतात. अर्थात डिझाइन टेक्नॉलॉजी प्रत्येक आयबी शाळेत मिळतोच असं नाही. त्याला वर्कशॉप लागतं आणि हाताने काम केलेला शिक्षक लागतो.

या विषयात नेमकं करतात काय? २०१४ च्या अभ्यासक्रमात ४० टक्के गुण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रकल्पाला होते. इरल्याचंच उदाहरण घेऊ. सुरुवात कागदावर छान चित्र काढून होत नाही. आधी बांधावर जाऊन बघायचं, लावणी करणाऱ्यांना विचारायचं, खांद्याची रुंदी आणि वाकल्यावर पाठीची लांबी मोजायची. नंतर दोन-चार कल्पना, त्यांतल्या एकीचं पुठ्ठ्याचं मॉडेल, मग हाती येणाऱ्या साहित्यातून प्रोटोटाइप. तो भर पावसात कुणाच्या तरी पाठीवर चढवायचा. वाऱ्याने उडाला तर तेही वहीत लिहायचं, कारण चाचणी आणि मूल्यमापन यांना वेगळे गुण असतात.

मापांचा भाग मुलांना चक्रावून टाकतो. 'सरासरी माणसा'साठी केलेली वस्तू पुष्कळांना गैरसोयीची ठरते, म्हणून डिझाइनर बहुधा सर्वांत लहान ५ टक्के आणि सर्वांत मोठी ५ टक्के मापं बाजूला ठेवून मधल्या ९० टक्क्यांचा विचार करतो. यासाठी भारतीय शरीरांचीच मापं हवीत. ती देबकुमार चक्रवर्ती यांनी गोळा केली आणि अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आणली. एसटीच्या सीटवर गुडघे का आपटतात, हे कळायला असली कोष्टकं कामी येतात.

आपल्या राज्य मंडळात मुलगा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतो, दहावीला त्यांचे वाढीव गुण घेतो आणि तिथे बहुधा गाडी थांबते. अकरावीला द्विलक्षी विषय असतात, पण ते यंत्रांची देखभाल, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, वीज उपकरणं अशा वळणाचे. दुरुस्ती शिकणं कमी प्रतीचं मुळीच नाही. वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ती कशी घडवावी हे कळत नाही. फक्त 'ही वस्तू अशीच का?' हा प्रश्न त्यात कुणी विचारायला लावत नाही.

तो प्रश्न विचारणारी जागा पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, माती परीक्षण, स्वयंपाक-आरोग्य, शेती-पशुपालन असं काम करतात आणि गावाला खरीखुरी सेवा देतात. राज्य मंडळानेही या कामाला शालेय विषय म्हणून मान्यता दिली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा आली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. महागड्या आयबीतला प्रकल्प आणि पाबळचं वेल्डिंग यांत वाटतं तेवढं अंतर नाही. दोन्हीकडे गरज आधी, आकार नंतर. कमी पडतात ती अकरावी-बारावीची मधली दोन वर्षं.

पुढच्या शिक्षणाची सोय तर आपल्याकडे कधीचीच आहे. एनआयडी १९६१ ची. मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ चं, ते उभारणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी जे. जे. कलाशाळेतून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयात गेलेले. २०१५ पासून 'यूसीड' या परीक्षेतून कोणत्याही शाखेचा बारावी झालेला विद्यार्थी आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला जाऊ शकतो. साहजिकच क्लासेस निघाले आणि तिथे मुलं रेखाटनं घोटवू लागली.

एनआयडीच्या प्रवेशाच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र स्टुडिओ टेस्ट असते. तिथे हाताशी दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवावी लागते. आजवर फक्त पेन्सिल चालवलेल्या मुलाची तिथे पंचाईत होते. ज्युनिअर कॉलेजला हे टाळायचं असेल तर लेझर कटरपासून सुरुवात करायची गरज नाही. पुठ्ठा, कटर, तार, मोजपट्टी आणि वेळापत्रकातली दर आठवड्याची एक सलग दुपार एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मुळशीतल्याच पिरंगुटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले टूलरूमचे कारागीर शिकवायला बोलावले, तर शिक्षकाचीही सोय होईल.