विहारातील ताई-ची आणि रस्त्यावरचा प्रसंग

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमची भाची लातूरला अकरावीला आहे. खेड्यापाड्यांतून लातूरला शिकायला आलेल्या हजारो मुलींप्रमाणे तीही दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवणी, संध्याकाळी अभ्यासिका. एके रात्री साडेआठच्या सुमारास ती अभ्यासिकेतून परतत होती. मोटारसायकलवर दोघे होते. मागे बसलेल्याने तिचे मनगट धरले. तेवढ्यात भज्यांच्या गाड्यावरची एक बाई हातातला झारा घेऊन ओरडत धावली आणि ते दोघे पळाले.

रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "मामा, वर्षभर केलं ना मी ते? हातच उचलला नाही बघा. पाय रस्त्याला चिकटल्यासारखे झाले."

तिचे हे बोलणे आम्हाला फार लागले. कारण 'ते' म्हणजे ताई-ची, आणि ते तिला शिकवण्याची व्यवस्था नांदेडात आमच्या वस्तीतील विहारात आम्हीच केली होती. शहरात कराटेचे वर्ग घेणारे एक सर आले. फी महिना पन्नास रुपये. पत्रक आम्ही लिहिले: 'तथागतांच्या भिक्खूने जगाला दिलेली युद्धकला शिका! मुलींनो, निर्भय व्हा!' हिशेब लिहिणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा. कार्यालयात पावती पाहिल्याशिवाय आम्ही एक रुपया खर्ची टाकत नाही. पण इथे मात्र कसलीही खातरजमा न करता सगळी रक्कम जमेच्या बाजूला मांडून मोकळे झालो! म्हणून आता उशिरा का होईना, खातरजमा करणे भाग होते.

ताई-ची ही चीनमधील कला. ती, शिंग-यी आणि बा-ग्वा या तिघींना 'आंतरिक' युद्धकला म्हणतात. सुन लु-तांग नावाच्या वस्तादाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांवर पुस्तके लिहिली, तेव्हापासून तिघींची नावे एकत्र घेतली जातात. दंडाच्या बळापेक्षा श्वास, शरीराचा तोल, सैल सोडलेले स्नायू आणि एकाग्र मन यांतून जोर काढायचा, अशी त्यांची धारणा. ताई-चीचा सर्वांत जुना विश्वसनीय माग हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकापर्यंत लागतो. पुढे यांग लु-चान यांनी ती पेकिंगला नेली. त्या काळी ती लढण्यासाठीच होती, यात शंका नाही. पण आमच्या सरांनी शिकवला तो चोवीस क्रियांचा संच १९५६ साली चीन सरकारच्या क्रीडा खात्याने सामान्य लोकांच्या आरोग्यासाठी बसवलेला आहे. जी गोष्ट तब्येतीसाठी तयार झाली, ती आम्ही मुलींना ढाल म्हणून दिली.

बोधिधर्माचे काय? ही कथा आपल्या लोकांना फार आवडते, आणि का आवडू नये? आपल्या देशातील एक भिक्खू चीनला जातो आणि शाओलिन विहारातील भिक्खूंना लढायला शिकवतो! पण बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख सहाव्या शतकातील लोयांगच्या विहारांच्या वर्णनात आहे आणि त्यात हाणामारीचे अक्षर नाही. त्याचे नाव व्यायामाशी जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला. खुद्द चीनमधील तांग हाओ या संशोधकाने १९३० च्या सुमारास ही दंतकथा खोडून काढली. शाओलिनचे भिक्खू ६२१ साली एका लढाईत उतरले होते हे खरे, त्याचा शिलालेख ७२८ सालचा आहे. पण तेव्हा बोधिधर्माला जाऊन बराच काळ लोटला होता. परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणारे तथागत आपले. त्यांच्याच नावाने आम्ही ऐकीव गोष्ट पत्रकावर छापली.

मग ही कला खऱ्या मारामारीत कामाला येते की नाही? जगात याच्या उघड परीक्षा झालेल्या आहेत. १९५४ च्या जानेवारीत मकाव येथे ताई-चीचे नामांकित वस्ताद वू कुंग-यी आणि श्वेत-बगळा पद्धतीचे चान हाक-फू यांची हजारो लोकांसमोर लढत झाली. हाँगकाँगमधील आगीत घरे गेलेल्या झोपडीवासीयांसाठी त्यातून निधी जमवायचा होता. वू तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, चान तिशीतले. या लढतीचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. त्यात ना बगळा दिसतो ना ताई-ची! दोघे नवखी पोरे भांडावीत तसे हात फिरवतात, नाकातून रक्त येते, आणि पंच लढत थांबवून कोणालाही विजयी न ठरवता मोकळे होतात. दुसरी परीक्षा २०१७ च्या एप्रिलमधली, चेंगदू शहरातली. वेई लेई नावाचे ताई-चीचे शिक्षक आणि आधुनिक मिश्र लढतीचा खेळाडू शू शियाओ-तुंग समोरासमोर आले. अर्ध्या मिनिटाच्या आत शिक्षक जमिनीवर आणि वर ठोशांचा पाऊस. चीनमध्ये मोठा गदारोळ उठला. गंमत म्हणजे जास्त शिव्या जिंकणाऱ्यालाच पडल्या.

तिसरी परीक्षा आमच्या विहारातली. नवा मोंढ्यात हमाली करणारा शेजारचा एक तरुण आम्ही एका रविवारी बोलावून घेतला. मनगटे अशी की शंभर किलोचे पोते हसत पाठीवर घेईल. सरांनी जोडीने हात सुटका करून घेण्याचे प्रकार शिकवले होते. मुली एकमेकींचे हात धरत, धरणारी आपसूक सैल सोडी आणि सगळे छान जमे. हमालाला सांगितले, धर. तो म्हणाला, "दादा, खरंच धरू का? मी धरलो तर सुटत नसतंय." धरले. एकीचाही हात सुटेना. मग सर स्वतः पुढे आले. त्यांचाही सुटला नाही. सर प्रामाणिक माणूस. घाम पुसत म्हणाले, "मला आजवर असं कोणी धरलंच नव्हतं."

सगळ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सरांच्या या बोलण्यात सापडले. दोष हळू हालचालींचा कमी आणि जोडीदाराच्या संमतीचा जास्त. ताई-चीतही दोघांनी एकमेकांना ढकलून तोल घालवण्याचा सराव असतो, चेन गावात तर पाडापाडी चालते. तेवढे ज्यांनी वर्षानुवर्षे केले त्यांच्या अंगात काही उतरते. आपल्याकडे येईपर्यंत तो भाग गळून जातो, नुसता नाच उरतो.

आपल्या कुस्तीकडे पाहा. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणले. तालमीत रोज काय होते? दुसरा माणूस तुम्हाला पाडण्यासाठी जीव तोडून झटतो आणि तुम्ही त्याला. कुणी कुणाला डाव बसू देत नाही. आपल्याच नांदेडला हल्ला-बोलच्या वेळी शीख बांधवांचा गतका पाहिला आहे ना? हवेत फिरणारी तलवार पाहून टाळ्या पडतात. पण समोरासमोर छडी आणि फरी घेऊन दोघे खेळतात तिथे चुकले की अंगावर वळ उठतो. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतील लाठीकाठीचेही तेच. एकट्याने काठी गरगर फिरवणे ही शोभा झाली. समोरच्याची काठी अंगावर येत असताना अडवणे वेगळे. (मिरवणुकीत शोभाही हवीच, आमचा तिला विरोध नाही.)

भाचीचे पाय चिकटले, त्याचेही कारण हेच. अचानक कोणी धरले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटे थरथरतात, कानाला नीट ऐकू येत नाही. शांत विहारात, मंद श्वासावर शिकलेली क्रिया त्या क्षणी आठवत नाही. ज्या शरीराने ती धडधड आधी कधी सोसलेली नसते, ते थिजते. यात मुलीचा काही दोष नाही आणि ती भित्रीही नाही.

मग श्वास आणि मन यांचा हा सगळा अभ्यास फुकट काय? इथे आम्ही बराच विचार केला. २० मार्च १९२७ चा दिवस आठवा. महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन आपली माणसे परतली. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि गावगुंडांनी लाठ्याकाठ्या घेऊन लोकांना गाठले. जेवत्या माणसांवर, वाटेने चाललेल्या माणसांवर हल्ला झाला. डाक बंगल्यावर बाबासाहेबांपाशी आपले तगडे लोक संतापून उभे होते. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले जवानही होते. एक शब्द निघता तर महाडात रक्ताचा सडा पडला असता. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. पुढे कोर्टात खटला चालला आणि हल्लेखोरांना सक्तमजुरी झाली. समता सैनिक दलाची उभारणी त्याच काळातली. मन ताब्यात ठेवणे म्हणतात ते हे. पण ज्यांनी त्या दिवशी हात आवरला त्यांच्या हातात मारण्याची ताकद होती, हे विसरून चालणार नाही. ज्याला मारताच येत नाही त्याच्या आवरण्याला समोरचा कशाला किंमत देईल?

एकट्याच्या कलेची मर्यादाही मराठवाड्याने पाहिली आहे. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. सारा गाव उलटला तिथे कोणता वस्ताद काय करणार होता? १ जून २०२३ रोजी नांदेडजवळ बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात जयंती काढल्याच्या रागातून तो झाल्याची फिर्याद आहे. समोर हत्यार असताना रिकाम्या हाताने हिरोगिरी करा असे शिकवणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. पळता येत असेल तर पळावे. त्यात अपमान नाही.

मारामारी संपली की कागदाची लढाई सुरू होते. त्यात आम्हाला थोडे कळते, म्हणून एवढे सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. बचावापुरताच बळाचा वापर करता येतो. हल्लेखोर पळाल्यावर पाठलाग करून चोपले की तुम्हीच आरोपी. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड फेकणे अशा हल्ल्यांत मात्र हा हक्क फार दूरवर जातो. जातीय अत्याचार असेल तर १९८९ च्या कायद्यानुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आणि आपल्या पोरांनी एक तडाखा जास्तीचा दिला की दुसऱ्या दिवशी समोरून दरोड्याची उलटी फिर्याद तयार असते, हे आपण गावोगाव पाहत आलो आहोत. महाडच्या डाक बंगल्यावरचा तो संयम आजही कोर्टात असा उपयोगी पडतो.

विहारात आता दोन वेगळे वर्ग चालतात. पहाटे सरांचे ताई-ची. त्याला साठीच्या पुढच्या आयाबाया येतात. गुडघे मोकळे होतात, तोल सुधारतो, पडझड कमी होते. म्हाताऱ्या माणसांना याचा फायदा होतो असे अभ्यासांतही दिसून आले आहे. तीस वर्षे धुण्याभांड्यांत गेलेल्या एका आजी म्हणतात, "माझ्यासाठी म्हणून मी रोजचा अर्धा तास पहिल्यांदाच काढलाय." त्यांना कोणाशी लढायचे नाही.

रविवारी दुपारी मुलींचा दुसरा वर्ग. त्यात हमालदादा खरेच धरतात, आणि मुली आधी ओरडायला शिकतात. पहिले दोन रविवार एकीच्याही तोंडून आवाज फुटला नाही. घरात मोठ्याने बोलू नको, एवढेच तर आपण त्यांना लहानपणापासून शिकवले. आता आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. मग धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने सगळे अंग घालून मनगट ओढायचे, सुटले की उजेडाकडे, माणसांकडे पळायचे, ११२ लावायचा. सर स्वतः या वर्गाला विद्यार्थी म्हणून येतात, याचे आम्हाला कौतुक वाटते. श्वासाचे काम त्यांनीच इथे बसवले आहे: धरपकडीने छाती धडधडू लागली की मध्येच थांबवून आनापान करायला लावतात आणि लगेच पुन्हा धरायला सांगतात.

भाची दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तीन रविवार तिने हे केले. तिसऱ्या रविवारी हमालदादांच्या हातातून तिचा हात सुटला. ते म्हणाले, मी सोडलो नाही हं. लातूरला ती आता दोघी-तिघींबरोबर परतते आणि वाट भज्यांच्या गाड्यावरून काढते. त्या मावशींना आमचा जयभीम सांगितला. त्यांनी उलट भाचीलाच विचारले, "मग त्या दिवशी ओरडली का नाहीस गं?"

नवे पत्रक छापले आहे. बोधिधर्माची ओळ काढून टाकली. मुलींच्या वर्गाची फी नाही. पालकांनी एकदा स्वतः मनगट देऊन पाहावे अशी विनंती त्यात आहे. आम्ही देऊन पाहिले. सोमवारी कार्यालयात नोंदवही लिहिताना पेन धरवत नव्हता.