एकच सिलिकॉन, आरसाही आणि काळोखही

गुळगुळीत सिलिकॉन दृश्य प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत फेकतो. हा त्या पदार्थाचा स्वभावच, असं आपण धरून चालतो. पण २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यावर सिलिकॉनचेच नॅनोमीटर मापाचे खांब कोरून सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर दिला, आणि ४५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सरासरी परावर्तन १.३ टक्क्यांवर आलं. खांबांत अडकलेला प्रकाश खालच्या सिलिकॉनमध्ये उतरत होता. उलट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सिलिकॉनच्याच दंडगोलांनी १५३० नॅनोमीटरला ९९.७ टक्के प्रकाश परतवला. पदार्थ तोच, फरक मापांचा! अशा सूक्ष्म खांबात विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही अनुनाद उठतात. ते समतोल असले की मागे जाणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात (प्रकाशाच्या विकिरणाचे अभ्यासक कर्कर यांनी १९८३ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं). एकच वरचढ झाला की आरसा तयार.

परावर्तन कमी करण्याचं काम चष्म्याचं कोटिंगही करत नाही का? करतं, पण साधा एकेरी थर एका तरंगलांबीभोवतीच उत्तम चालतो. धातूचा आरसा सोपा, हे खरं, मात्र तो थोडा प्रकाश शोषून तापतो. बहुथरी आरशांची बरोबरी करणं या दंडगोलांना अजून अवघडच. महाग कोरीवकामाचा आक्षेप रास्त आहे, तरी व्हँडरबिल्टच्या गटाने आपोआप रचल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरीनच्या सूक्ष्म गोळ्यांचाच साचा वापरला होता. सौरपॅनेलसाठी आज रासायनिक खरवडणंच स्वस्त. अशा सूक्ष्म खांबांच्या पृष्ठभागांची, म्हणजे मेटासरफेसची, खरी जागा लेन्स आणि लेसरमध्ये आहे, असं माझं मत.